टपवाले

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणारा माणूस उधळ्या असतो, असा लोकांचा उगाच समज आहे. उधळ्या माणूस नवी घेतो, हप्त्याने घेतो आणि दोन-तीन वर्षांत कंटाळून विकायला काढतो. त्याच्या त्या कंटाळ्यावर डोळा ठेवून जो दुसरा इसम बसलेला असतो, तो पक्का काटकसरी. हॉटेलात मेन्यूकार्ड उजवीकडून वाचणारा. आकाशकंदील भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या भावात घेऊन पुढच्या दिवाळीसाठी माळ्यावर टाकणारा. गाडीची हौस त्याला दांडगी असते, पण हौसेला मोल नाही ही म्हण त्याला साफ नामंजूर असते. हौसेला मोल असतं आणि ते घासाघीस करून खाली आणता येतं, यावर त्याची श्रद्धा असते.

आमच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. त्यांचं खरं नाव आता मेंटेनन्सच्या पावतीवर तेवढं उरलंय. बाकी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना टपवाले म्हणतात, कारण त्यांच्या गाडीचा टप उघडतो. निदान एके काळी उघडायचा. वय पंचावन्नच्या पुढे, जाड भिंगाचा चष्मा, खिशाला दोन पेनं, आणि चाकणच्या एका कारखान्यात कॉस्ट अकाउंटंटची नोकरी. एका नटबोल्टचा खर्च चार दशांश स्थळांपर्यंत काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याकडे बघून कुणाला स्पोर्ट्स कार आठवणार नाही. त्यांना मात्र कॉलेजात असल्यापासून दुसरं काही आठवत नव्हतं. फक्त तीस वर्षं ते भाव उतरायची वाट बघत होते.

घसारा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. जिन्यात भेटले तरी विम्याचं कोष्टक म्हणून दाखवायचे: गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर ५ टक्के घसारा, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात गेली की ५०. "म्हणजे बघा," ते म्हणायचे, "निम्मी गाडी पहिल्या मालकाने फुकट घालवलेली असते. आपण उरलेली निम्मी विकत घ्यायची. पण चालवायची अख्खी!" हे वाक्य ते अशा विजयाने म्हणत, की ऐकणाऱ्याला आपण नवी गाडी घेतली याची लाज वाटावी. मला वाटायची.

प्रत्यक्षात घ्यायच्या आधी बरीच वर्षं ते नुसत्या गाड्या बघत होते. रविवारी सकाळी पोहे झाले की निघायचे आणि सोबतीला कुणा ना कुणा शेजाऱ्याला ओढायचे. एकटं जायचं नाही, हा नियम. एकटा माणूस दिसला की एजंट त्याच्या गळ्यात गाडी घालतो. दोघं असले की एकाने नाक मुरडायचं आणि दुसऱ्याने भाव करायचा. नाक मुरडण्याचं काम माझ्याकडे असे. त्याला गाडीतलं काही कळावं लागत नाही.

एजंटांची भाषा त्यांना तोंडपाठ होती. 'डॉक्टर यूज्ड' म्हणजे मालक डॉक्टर होता आणि त्याचा ड्रायव्हर नव्हता. 'लेडी ड्रिव्हन' म्हणजे मागचा बंपर एकदा नीट बघा. (हे मत त्यांचं. त्यांच्या सौभाग्यवतींनी गेल्या पंचवीस वर्षांत स्कूटरला ओरखडा येऊ दिलेला नाही.) 'इंजिनाला पाना लागलेला नाही' म्हणजे ऑइलही बदललेलं नाही. 'टायर नवे' असं एजंट म्हणाला की आमचे टपवाले रुमाल पसरून जमिनीवर गुडघे टेकायचे आणि टायरच्या कडेचा चार आकडी शिक्का मोठ्याने वाचायचे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "२३११! दोन हजार अकराचा तेविसावा आठवडा! अहो, नवे कसले, पुढच्या वर्षी मुंज करायची यांची!" मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का बघायचे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुण्यात विकल्या गेल्या, ही भीती त्यांच्या मनात इतकी खोल गेली होती, की २०१० सालची गाडी असली तरी ते खाली वाकून गालिच्याचा वास घ्यायचे. हापूसची पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा बघणारी माणसं असतात, त्यातलेच ते. फक्त इथे खालचा थर बघायला पोटावर झोपावं लागे.

सगळ्यात प्रेक्षणीय होती ती लोहचुंबकाची परीक्षा. ठोकलेल्या गाडीचा खड्डा लांबी भरून सपाट करतात आणि वर रंग मारतात. दिसायला चकचकीत, पण लांबीवर चुंबक धरत नाही. त्यासाठी ते घरच्या फ्रिजवरचं कोल्हापूरच्या अंबाबाईचं मॅग्नेट खिशात घालून आणायचे. दारावर, पंख्यावर, बोनेटवर अंबाबाई टेकवत ते गाडीला सावकाश प्रदक्षिणा घालू लागले, की कळ काढून उभा असलेला एजंटही नकळत हात जोडायचा. एकदा एकाने तर चपला काढल्या.

याच चुंबकाने त्यांचं पहिलं प्रेम मोडलं. १९९८ च्या सुमारास गोव्यात सॅन मोटर्स नावाच्या कंपनीने सॅन स्टॉर्म ही दोन सीटची उघडी गाडी काढली होती. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती. म्हणजे पळण्यात त्या वेळच्या साध्या घरगुती मोटारीहून फार पुढे नाही, पण दिसायला मात्र सिनेमातली. फार थोड्या खपल्या. त्यातली एक म्हापशाकडे विकायला आहे असं कळल्यावर आमचे टपवाले रातराणीने गेले, मलाही नेलं. गाडी माडाखाली उभी होती. लाल, गोंडस, रस्त्याला चिकटलेली. त्यांनी डोळे भरून बघितलं आणि खिशातून अंबाबाई काढली. दारावर टेकवली, खाली पडली. बोनेटवर टेकवली; घसरली. पंखा, डिकी, छत, कुठेच धरेना. टपवाले पांढरे पडले. अख्खी गाडी लांबीची! मालक शांतपणे सोलकढी पीत होता. तो म्हणाला, "लोखंडूच ना, मगीर चुंबक कसो चिकटतलो?" बॉडी फायबरची होती. कंपनीनेच तशी केली होती. हे टपवाल्यांना माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी कागदावर लिहूनसुद्धा आणलं होतं. पण चुंबक ज्या गाडीला चिकटत नाही तिच्यावर मन बसेना. शिवाय वर माड होता, नारळ होते, आणि फायबर. परतीच्या गाडीत आंबोली येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

घरातून विरोध होताच. विरोध पैशांना नव्हता, आकड्याला होता. "दोन सीट?" वहिनी म्हणाल्या. "आणि सासूबाई? त्यांना काय, डिकीत?" सासूबाई स्वतः या वादात तटस्थ होत्या, त्यांना रिक्षा आवडते. मुलगा इंजिनिअरिंगला, तो म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा मला बाईक." तेव्हा टपवाल्यांनी हुकमाचं पान टाकलं. "सचिनची फेरारी आठवते? तीनशे साठ मोडेना. २००२ साली, ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने भेट दिलेली, शूमाकरच्या हातून. ती गाडीसुद्धा २०११ मध्ये सुरतच्या एका व्यापाऱ्याने सेकंडहँडच घेतली ना? मग?" या युक्तिवादाला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. कारण तो युक्तिवादच नव्हता. पण सचिनचं नाव निघाल्यावर मराठी घरात वाद पुढे नेता येत नाही.

शेवटी गाडी मिळवून दिली ती दिल्लीने. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीच्या रस्त्यावर नकोत, असा हरित लवादाचा आदेश होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बातमी वाचून अर्ध्या देशाने प्रदूषणावर चर्चा केली. आमच्या टपवाल्यांनी कॅल्क्युलेटर काढला. तेरा-चौदा वर्षांची पेट्रोल गाडी दिल्लीत म्हणजे मरणपंथाला लागलेली, भाव कोसळलेला. तीच महाराष्ट्रात आणली तर पंधरा पूर्ण झाल्यावर फिटनेस दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, की पाच वर्षांची मुदत पुन्हा मिळते. "दिल्लीत म्हातारी, पुण्यात षोडशी!" ते म्हणाले. मला वाटतं, आयुष्यात एकदाच त्यांच्या तोंडून शृंगारिक वाक्य बाहेर पडलं, आणि तेही घसाऱ्यावर.

तर अशी ती गाडी आली. जर्मन, चंदेरी, दोन दारं, दोन सीट. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नाही. कंपनीने ती गाडी पुण्यात रिक्षामागे दुसऱ्या गिअरमध्ये म्हातारी होण्यासाठी बनवली नव्हती. बटण दाबलं की डिकीचं झाकण उलट्या दिशेने उघडायचं, पोलादी टपाचे दोन तुकडे हवेत उचलले जायचे, एकावर एक घडी व्हायचे आणि डिकीत जाऊन झोपायचे. बावीस सेकंदांचा खेळ. पहिल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये हा खेळ इतक्या वेळा झाला, की बॅटरी उतरली आणि गाडी टप अर्धा हवेत ठेवून रात्रभर उभी राहिली.

नवी असताना तिची जी किंमत होती, तिच्या पाचव्या हिश्श्यात ती मिळाली होती. हा पाचवा हिस्सा त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितला, पेढ्यांबरोबर. पूजा झाली, नारळ फुटला, झेंडूचा हार चढला. बंपरला लिंबू-मिरची बांधली तर मिरच्या रस्त्याला टेकल्या. मग लिंबू-मिरची आरशाला बांधली.

आरटीओचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी मला विस्ताराने सांगितलं आहे. दिल्लीहून नाहरकत आणायची, म्हणजे फॉर्म २८. नाव बदलायचं, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०. आधीच्या मालकाने बँकेचं कर्ज घेतलेलं, ते फिटलं तरी बोजा कागदावर तसाच. त्यासाठी फॉर्म ३५. शिवाय इथला कर नव्याने. हे सगळं होईपर्यंत गाडी दिल्लीच्या नंबरावर चालत होती आणि चौकाचौकात अडवली जात होती. अडवणारे हवालदार कागद बघायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि मग हळूच विचारायचे, "साहेब, अ‍ॅव्हरेज किती देते?"

या प्रश्नाने टपवाल्यांना जेवढं छळलं तेवढं आरटीओनेही छळलं नसेल. ज्या गाडीचा काटा ताशी २६० किलोमीटरपर्यंत आखलेला आहे, तिच्याबद्दल अख्ख्या पुण्याला एकच कुतूहल. दूधवाला, इस्त्रीवाला, सिग्नलला शेजारी थांबलेला बसचा ड्रायव्हर, सगळे वरून डोकावून तेच विचारणार. खरं उत्तर होतं सात. कॉस्ट अकाउंटंटला खोटं बोलता येत नाही आणि सात म्हणवत नाही. ते म्हणायचे, "सिंहगड उतरताना अकरा दिलं होतं."

आता या २६० च्या गाडीने जायचं कुठे? एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा १०० ची. समृद्धीवर १२०, पण तिथवर जायला आधी नाशिक फाट्याचा सिग्नल सुटायला हवा. त्यामुळे गाडीचा खरा वेग कुणी बघितलेला नाही. त्यांनीही नाही. त्यांचं सगळं कसब पणाला लागतं ते गतिरोधकावर. इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं माप त्यांना पाठ आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. आमच्या गेटसमोरचा गतिरोधक सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून घालून घेतला आहे. उंचीला तो नियमाच्या पुढे आहे आणि रुंदीला चौरंगाएवढा. सर्वसाधारण सभेत टपवाल्यांनी टेप आणून मापं वाचून दाखवली. सेक्रेटरी म्हणाले, "काका, चाळीस फ्लॅटच्या गाड्या जातात. तुम्ही तुमची उंची वाढवा." तेव्हापासून ते गतिरोधकावर तिरके चढतात. आधी पुढचं डावं चाक, मग उजवं, मग मागचं डावं. मागे रिक्षा, टेम्पो, शाळेची बस, सगळे हॉर्न वाजवत. हे शांत. पोट घासल्याचा आवाज आला तर मात्र ते डोळे मिटतात, कारण त्या आवाजाचा भाव त्यांना माहीत असतो.

उतरणं हा वेगळा कार्यक्रम. त्या गाडीत माणूस बसत नाही, पडतो; आणि उतरत नाही, त्याला उपटावं लागतं. तरुणपणी गाडी परवडत नाही आणि परवडते तेव्हा गुडघे परवानगी देत नाहीत, हा या जातीच्या सगळ्यांचाच पेच. टपवाल्यांनी त्यावर वॉचमनशी करार केला आहे. गाडी आली की तो हात देतो. दिवाळीला त्याला या हाताचे वेगळे पैसे मिळतात; वहीत तशी नोंद आहे.

वहीचं सांगायचं राहिलं. गाडी आली तेव्हा घरखर्चाच्या वहीत शेवटचं एक पान 'गाडी' म्हणून राखून ठेवलं होतं. पुढे गाडीची वेगळी वही झाली आणि घरखर्च तिच्या शेवटच्या पानावर गेला. कारण एवढंच, की ज्यांनी तीस वर्षं घसाऱ्याचा अभ्यास केला त्यांच्या नजरेतून एक बाब निसटली: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी आठ लाखांना मिळते, पण तिचा दिवा फुटला तर तो चाळीस लाखांच्या गाडीचाच दिवा असतो. उलट तो दरवर्षी थोडा महागतो. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, म्हणजे चारही टायर एका मापाचे घेण्याची सोय नाही. ब्रेकपॅडच्या एका जोडीत वहिनींच्या स्कूटरचं वर्षाचं पेट्रोल आलं असतं. सर्व्हिस सेंटरचं पहिलं अंदाजपत्रक आलं, तेव्हा त्यांनी तो कागद आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडून न वाचता खालून वाचला.

पण हरतील तर ते टपवाले कसले? त्यांनी देशाचा एक वेगळाच नकाशा तयार केला. जुना आरसा हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. दिवे आणि दारं दिल्लीला मायापुरीत. काहीच नाही मिळालं तर चेन्नईचं पुदुपेट. लोक काशी-रामेश्वर करतात. हे रजा काढून भंगार बाजार करतात, आणि येताना वहिनींना कांजीवरम आणतात. बारीकसारीक कामं नाना पेठेतला एक फिटर करून देतो. तो गाडीला हात लावण्याआधी दोन मिनिटं नुसता बघत उभा राहतो आणि मग म्हणतो, "साहेब, होऊन जाईल, पण जबाबदारी तुमची."

उरलेला काळ ते राखणदारी करतात. पार्किंगमधल्या उंदरांना वायरी कुरतडायची चटक लागली, तेव्हा कुणीतरी बोनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवायला सांगितलं. जन्मात सुपारी न खाल्लेला हा सदाचारी माणूस आता पानपट्टीवरून घाऊक भावात तंबाखू आणतो आणि ओळखीचं कुणी दिसलं की "गाडीसाठी हो, गाडीसाठी" असं म्हणत घाईने निघून जातो. कुणाचाही विश्वास बसत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून तर त्यांची झोपच उडाली आहे. वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत. सासुरवाडी सांगलीकडची, ऊसवाल्यांची. दरवर्षी जावयाला भाव चांगला मिळाल्याची बातमी येते आणि जावई मनात म्हणतो, यांचा ऊस शेवटी माझ्याच टाकीत येणार.

एवढं होऊनही गाडीचा मुख्य गुण शाबूत होता. टप उघडत होता, मिटत होता. तो गेला गणपतीत.

दरवर्षी त्यांचा गणपती रिक्षाने यायचा. त्या वर्षी टपवाल्यांनी जाहीर केलं, बाप्पा उघड्या गाडीतून येणार. दोन सीटची अडचण नव्हती: एकावर स्वतः, दुसऱ्यावर वहिनी, आणि वहिनींच्या मांडीवर दीड फुटाची शाडूची मूर्ती. मुलगा झांज घेऊन स्कूटरवर मागे. निघताना सोसायटीतून टाळ्या पडल्या, आणि खरं सांगतो, ते दृश्य देखणं होतं. टपवाल्यांनी जरीची टोपी घातली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून वहिनींनी ती पिनांनी केसांना टोचून दिली होती.

मूर्ती घेतली, मंडईत थांबले, दूर्वा, केवडा, फळं घेतली, आणि वहिनींनी शेवटी दोन केळीचे खुंट घेतले. इथे घात झाला. त्या गाडीच्या डिकीत एक पडदा असतो. टपाने किती जागा घ्यायची आणि सामानाने किती, याची ती सरहद्द. पडदा पूर्ण ओढून खाचेत बसलेला असेल तरच टप हलतो. केळीचे खुंट आत रेटताना पडद्याची एक बाजू खाचेतून सुटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. भाद्रपदातल्या आभाळाच्या मात्र आलं असावं, कारण गाडी लक्ष्मी रोडला लागली आणि सर आली.

टपवाल्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, पिंक पिंक असा आवाज झाला, टप ढिम्म. पुन्हा बटण, पुन्हा पिंक पिंक. मागे गर्दी, दोन ढोल-ताशा पथकं, पाऊस वाढतोय, आणि मांडीवर शाडू! वहिनींनी पदर बाप्पाच्या डोक्यावर धरला, मग स्वतःच मूर्तीवर ओणव्या झाल्या. "अहो, बटण कसलं दाबताय, काहीतरी करा!" टपवाले उतरले, म्हणजे उतरायला लागले, वॉचमन नव्हता. दोन ढोलवाल्यांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. ते डिकीकडे धावले. तोवर कुणीतरी छत्री धरली, कुणी दुकानाचं प्लॅस्टिक आणलं. पुण्यात नव्या गाडीवाल्याला वाट मिळत नाही, पण गणपती भिजतोय म्हटल्यावर अख्खा लक्ष्मी रोड थांबला. एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घालून पडदा वर केला आणि हुकूम सोडला, "वहिनी, बाप्पांना घेऊन या इकडं." वहिनी आल्या. बाप्पा आले. रिक्षा निघाली. मागे झांज वाजवत मुलगा, भिजून चिंब.

टपवाले तासाभराने पोचले. केळीचे खुंट शेजारच्या सीटवर उभे, त्यांना सीटबेल्ट लावलेला. गाडीत पाणी, टोपी अजून केसांना टोचलेली. आरती होईपर्यंत आम्ही कुणी काही बोललो नाही. नंतर कळलं, रिक्षावाल्याने बाप्पाचं भाडं घ्यायला नकार दिला होता. टपवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी उठून वही काढली आणि नोंद केली: गणपती आणणे, रिक्षाभाडे, ०.

टपाने मात्र तो दिवस मनाला लावून घेतला. आधी आरशाच्या वरच्या कडेतून तेलाचा एक थेंब त्यांच्या कपाळावर पडला. मग रोज. तो हायड्रॉलिक सिलिंडर होता; नवा घ्यायचा तर किंमत ऐकून त्यांनी फोन वहिनींकडे दिला. शेवटी भोसरीत जेसीबीचे सील बदलणारा एक कारागीर गाठला. त्याने सिलिंडर हातावर तोलला, म्हणाला, "एवढुसा?" आणि सील बसवून दिलं. ते दसऱ्यापर्यंत टिकलं. आता टप हाताने उघडावा लागतो. पूर्वी बावीस सेकंद लागायची, आता चार पोरं लागतात. त्यामुळे गाडी उघडी बघायची असेल तर परीक्षा संपलेल्या असाव्या लागतात.

विकून का टाकत नाहीत, असं मी एकदा विचारलं. ते चकित झाले. "आता? आता तर घसारा संपलाय! आता ही गाडी फक्त वर जाणार." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहाटे पाचला मुळशीच्या रस्त्याला कधी चला माझ्याबरोबर. कुणी नसतं." मी अजून गेलेलो नाही. पण वहिनी जातात, असं वॉचमन सांगतो. थर्मास घेऊन, डोक्याला स्कार्फ बांधून, महिन्यातून एखादा रविवार. टप त्या दोघांनीच कसा उघडला, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

आपल्यावर लेख येणार हे कळल्यावर टपवाले रागावले नाहीत. त्यांनी फक्त मासिकात छोट्या जाहिरातीचा दर काय असतो ते विचारलं. मी सांगितला. ते म्हणाले, "मग लेखातच दोन ओळी घाला, फुकटात होईल." तेव्हा वाचकांना विनंती: दोन सीटच्या, पोलादी टपाच्या जर्मन गाडीचा डाव्या बाजूचा हायड्रॉलिक सिलिंडर कुणाकडे पडून असल्यास संपादकांमार्फत कळवावे. सेकंडहँड चालेल. नव्याची किंमत त्यांना माहीत आहे आणि ती त्यांना मान्य नाही.